टबखालचा ट्रॅप: फरशी फोडण्याआधी बाहेरचा चेंबर मोजा

बाथटबचं पाणी ज्यातून जातं तो ट्रॅप, म्हणजे वास अडवायला पाणी धरून ठेवणारा वाकडा पाइप, फरशीखाली कसा बसवायचा ते इथे सांगतो. हे सगळं तळमजल्यापुरतं, म्हणजे कोब्याखाली सोलिंग (दगडांचा थर) आणि माती असेल तिथे. वरच्या मजल्यावर बाथरूमचा स्लॅब संक, म्हणजे खाली उतरवलेला असेल तर ट्रॅप त्या खोलगट भागातच बसवतात. स्लॅबला छिन्नी लावायची नाही.

सुरुवात घराबाहेरून करा. गल्ली ट्रॅपमध्ये, म्हणजे घराचं सांडपाणी जिथे पडतं त्या बाहेरच्या चेंबरमध्ये, पाइप जाळीखाली पण पाण्याच्या वर उघडला पाहिजे. ती उंची लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) बाथरूममध्ये आणा आणि तिथून उलटं मोजत या. ५० मिमी पाइपला मीटरमागे दोन सेंटिमीटर ढाळ पुरतो, म्हणजे तीन मीटरला सहा. एवढा ढाळ मिळत नसेल तर टब ओट्यावर चढवावा लागेल, आणि हे फरशी फोडण्याआधी कळलेलं बरं.

टब जागेवर ठेवून त्याच्या वेस्टचा, म्हणजे पाणी जाण्याच्या भोकाचा, मध्य फरशीवर उतरवून घ्या. कॅटलॉगमधल्या मापावर विसंबू नका. त्या खुणेभोवती दीड फूट चौरस खड्डा आणि तिथून भिंतीपर्यंत फूटभर रुंद चर आखा. कडा ग्राइंडरने कापून मगच ब्रेकर चालवा, नाहीतर शेजारच्या फरश्या उचकटतात.

चरात वाळूचा थर दाबून पी-ट्रॅप ठेवा. त्यात निदान ५० मिमी पाणी अडलं पाहिजे. तेच पाणी वास आणि झुरळं थोपवतं. टबाचा ओव्हरफ्लो ट्रॅपच्या आधी जोडा. ट्रॅपमधून निघणारा पाइप पुढे नहाणी ट्रॅपमध्ये (बाथरूमच्या फरशीतल्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये) मात्र सोडू नका. एका वाटेवर दोन ट्रॅप आले की मध्ये हवा कोंडते, आणि टब रिकामा होताना डचमळत बसतो. बाहेरच्या गल्ली ट्रॅपमध्ये पाइप पाण्याच्या वर उघडतो, म्हणून तिथे हे होत नाही. पाइप सरळ कापा, कडेची कुसळं खरवडा, कोरडा जोडून खूण करा, मगच सॉल्व्हंट (पाइप चिकटवायचं द्रावण) लावा.

आता ट्रॅपचं तोंड चिकटपट्टीने बंद करा. आमच्याकडे ते राहिलं. गवंड्याने थापी धुतली, सिमेंटचं पाणी आत गेलं आणि दोन दिवसांनी ट्रॅपमध्ये दगड. कोबा पुन्हा फोडला.

माल ओतण्याआधी चिकटपट्टी काढा, पाइपचं बाहेरचं टोक बुच मारून बंद करा, ट्रॅपच्या तोंडापर्यंत पाणी भरा आणि पेन्सिलने खूण करा. सकाळी पाणी खुणेवर हवं, मग पट्टी पुन्हा लावा. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्या प्लंबरला त्या दिवशी चहा पाजा, पण चर बुजवू देऊ नका.

मग पाइपभोवती वाळू, वर काँक्रीट. ट्रॅपभोवतीची जागा मोकळीच ठेवा, कारण टबाचं वेस्ट दोन-चार सेंटिमीटर इकडेतिकडे निघतंच. ते जोडून झालं की टबाच्या बाजूला हात जाईल एवढी उघडझाप होणारी फळी ठेवा. कडेला सिलिकॉन मारताना टब पाण्याने भरलेला असावा. रिकाम्या टबाला मारलेलं सिलिकॉन पहिल्या अंघोळीला, टब वजनाने दबला की, सुटतं.