बोअरचं पाणी गोड असेल, पण रेडिएटरात नको

परवा निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार काका जुनी गाडी घेऊन गॅरेजला आले. मुंबईहून येताना कसारा घाटात तापमानाचा काटा लालवर गेला होता. "पाणी तर रोज टाकतो!" कुठलं, विचारलं. "मळ्यातल्या बोअरचं. एकदम गोड आहे." गार रेडिएटरचं झाकण काढलं, तर नळ्यांच्या तोंडाशी पांढरट-तांबूस थर. स्क्रूड्रायव्हरने खरवडला तसे चुन्यासारखे पापुद्रे निघाले.

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी तापलं की ते आतून चिकटतात आणि मग उष्णता बाहेर पडायला वाटच उरत नाही. त्याच पाण्यातलं क्लोराइड तर ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पाडतं.

पटत नसेल तर स्टीलच्या तीन ताटल्या घ्या. एकीत चमचाभर बोअरचं पाणी, दुसरीत नळाचं, तिसरीत डिस्टिल्ड. उन्हात वाळू द्या. बोअरच्या ताटलीत पांढरं कडं उठेल, नखाने खरडता येईल असं. नाशिकच्या गंगापूर धरणाचं नळाचं पाणी त्यामानाने हलकं, तरी डाग सोडतंच. तिसरी ताटली कोरी.

तेच तिसरं पाणी घ्यायचं. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड किंवा डीएम वॉटर (क्षार काढलेलं पाणी) मागा आणि लेबल वाचा, कारण शेजारीच ॲसिडचा कॅन असतो. घरचं आरओ अडीनडीला ठीक, पण त्यातही क्षार उरतात. बंगल्यांत बसवतात त्या सॉफ्टनरचं पाणी मात्र फसवं. कॅल्शियम जातं, त्याजागी सोडियम येतं, क्लोराइड तसंच राहतं.

नुसतं डिस्टिल्डही भरून ठेवू नका. गंज रोखणारी द्रव्यं कूलंटमध्ये, म्हणजे रेडिएटरात पाण्याबरोबर घालायच्या द्रवात, असतात. कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं, असेल तर बहुतेक गाड्यांना निम्मं कूलंट, निम्मं पाणी. आधी मॅन्युअल बघा. मिश्रण बाहेर स्वच्छ कॅनमध्ये करा, मग ओता. प्रीमिक्स, म्हणजे आधीच पाणी मिसळलेलं, असेल तर थेंबभरही पाणी घालायचं नाही.

घाटात गाडी तापली तर बाजूला घेऊन बंद करा. पूर्ण गार होईपर्यंत झाकणाला हात नको, उकळतं पाणी अंगावर येतं. मग मिळेल ती बाटली ओता, घरी येऊन सिस्टिम फ्लश करा.

आणि रोज पाणी लागतंय म्हणजे ते कुठूनतरी जातंय. काकांच्या वॉटर पंपाखाली वाळलेला ओघळ होताच. पंप बदलला. रेडिएटर धुण्यापलीकडे गेला होता, तोही बदलावा लागला.