जुन्या कॉम्प्युटरवर दुकानाचे चार कॅमेरे

जुना आय-५ डेस्कटॉप आणि ८ जीबी रॅम पडून असेल, तर चार कॅमेऱ्यांसाठी वेगळा एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) घ्यायची गरज नाही. पैसे डिस्क, केबल आणि यूपीएसवर घाला. बहुतेक जण नेमकी तिथेच काटकसर करतात.

कॅमेरा घेताना मेगापिक्सेल नंतर बघा, आधी आरटीएसपी किंवा ऑनव्हिफ (कॅमेऱ्याचं चित्र दुसऱ्या सॉफ्टवेअरला देण्याची सोय) आहे का ते विचारा. फक्त मोबाईल अ‍ॅपवर चालणारे बरेच स्वस्त वाय-फाय कॅमेरे कॉम्प्युटरला चित्र देतच नाहीत. मग लेन्स. २.८ मिमीची लेन्स अख्खं दुकान दाखवते, पण २ मेगापिक्सेलवर खात्रीने ओळखता येईल असा चेहरा जेमतेम तीन मीटरपर्यंत मिळतो. ६ मिमीला तोच सातेक मीटरपर्यंत. म्हणून दोन कॅमेरे रुंद, एक गल्ल्यावर आणि एक ६ मिमीचा दाराकडे तोंड करून. हा दाराचा कॅमेरा छताला ठोकू नका, सव्वादोन मीटरवर लावा. छतावरून टोपी आणि टक्कल तेवढं दिसतं. बाहेरच्या उन्हामुळे आत येणारा माणूस नुसती काळी सावली होतो, त्यासाठी याच कॅमेऱ्यात डब्ल्यूडीआर (ऊन आणि सावली एकाच चित्रात सांभाळणारी सोय) चालू ठेवा.

वीज आणि डेटा एकाच केबलमधून नेणारा पीओई स्विच घ्या. केबल कॅट-६, शुद्ध तांब्याची, एका कॅमेऱ्याला जास्तीत जास्त १०० मीटर. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर, म्हणजे सीसीए, बाजारात सर्रास कॅट-६ म्हणून खपते. ब्लेडने तार खरवडा. आत पांढरी निघाली तर परत करा. लांब अंतरावर तिच्यात व्होल्टेज पडतं आणि लक्षण फसवं असतं: दिवसभर कॅमेरा ठणठणीत, संध्याकाळी अंधारात बघायचे इन्फ्रारेड दिवे लागले की सारखा रीस्टार्ट. लोक मग कॅमेरा बदलतात.

डिस्कचा हिशेब सोपा आहे. १०८०पी, सेकंदाला १५ फ्रेम आणि २ मेगाबिट (२ एमबीपीएस) धरले तर एका कॅमेऱ्याचे दिवसाला २१.६ जीबी होतात. चार कॅमेरे, १५ दिवस: सुमारे १.३ टीबी. म्हणजे २ टीबीची, सर्व्हेलन्ससाठीचीच डिस्क. विंडोज वेगळ्या एसएसडीवर असू द्या, आणि अँटिव्हायरसला रेकॉर्डिंगचं फोल्डर तपासू देऊ नका.

सॉफ्टवेअर विंडोजवर ब्लू आयरिस (विकतचं), लिनक्सची सवय असेल तर फ्रिगेट (फुकट). कुठलंही घ्या, मुख्य स्ट्रीम (कॅमेऱ्याचं पूर्ण दर्जाचं चित्र) जशी येते तशीच डिस्कवर लिहायची आणि हालचाल ओळखायला ६४०×४८० ची सबस्ट्रीम (त्याच कॅमेऱ्याचं लहान चित्र) द्यायची. हे केलं नाही तर प्रोसेसर १०० टक्क्यांवर जातो आणि रेकॉर्डिंगमध्ये मधूनमधून भोकं पडतात. प्रोसेसर सहाव्या पिढीच्या आधीचा असेल तर कॅमेरे व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या एच.२६४ पद्धतीवर ठेवा, नवी एच.२६५ त्याला झेपत नाही. आय-फ्रेमचं (पूर्ण चित्र साठवणाऱ्या फ्रेमचं) अंतर फ्रेमरेटइतकंच ठेवा, १५ ला १५. मागचं बघताना हवा तो क्षण लगेच सापडतो.

आता लाइट जाण्याचं. यूपीएसवर कॉम्प्युटरसोबत पीओई स्विच आणि राउटरही हवेत. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याची सेटिंग लावा, विंडोजचं स्लीप बंद करा, सॉफ्टवेअर सर्व्हिस म्हणून, म्हणजे लॉगिनशिवाय आपोआप, चालवा. मग मेन स्विच पाडून एकदा खरंच बघा, कारण लॉगिनच्या पडद्यावर अडकलेलं मशीन सोमवारपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. जुन्या मदरबोर्डचा सीआर२०३२ सेल आत्ताच बदला. तो संपला की घड्याळ मागे जातं आणि फुटेजवर चुकीची तारीख उमटते. कॅमेऱ्यांतही एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याची सोय) चालू करून टाइमझोन +५:३० करा.

घरून बघायचं तर राउटरवर पोर्ट (बाहेरून आत येण्याची वाट) उघडू नका. बऱ्याच ब्रॉडबँडवर सीजीनॅटमुळे (एकच इंटरनेट पत्ता अनेक ग्राहकांत वाटल्यामुळे) ते चालतही नाही. टेलस्केल किंवा वायरगार्ड या व्हीपीएनने (सुरक्षित खासगी जोडणीने) आत या. कॅमेऱ्यांचे मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

चोरी झालीच तर हवा तो भाग त्याच दिवशी मूळ स्वरूपात एक्स्पोर्ट करा. मोबाईलने स्क्रीनचं शूटिंग करून पाठवू नका. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश (फाइल जराही बदलली की बदलणारा ओळख-आकडा) लिहावी लागते. विंडोजच्या सर्टयूटिल कमांडने ती एसएचए-२५६ मध्ये काढा, कागदावर उतरवा, आणि फाइल दोन पेन ड्राइव्हवर घ्या: एक पोलिसांना, एक आपल्याकडे.