टेबलावरचा व्हिलन फसतो कुठे? या चुका टाळा

गणपतीत देवगडच्या घरी लाइट गेलेली. पडवीत कंदील लावून आम्ही पाच भावंडं डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, हा फासे टाकत, पात्रं वठवत गोष्ट रचायचा खेळ खेळत होतो. गोष्ट चालवणारा आणि व्हिलन वठवणारा तो डीएम, ते काम माझ्याकडे. मोठ्या तयारीने डाकूंचा सरदार आणला: खडकावर उभा, हातात पट्टा, खर्जातलं हसू. ते हसू संपायच्या आत धाकटा चुलतभाऊ ओरडला, "मेल्या, हो तर गब्बर!" मग अर्धा तास नुसती डायलॉगबाजी. डाकूला कुणी भ्यायलं नाही.

सोंग उचललं, रीत राहिली

पट्टा आणि हसू हे गब्बरचं सोंग. त्याची रीत बघा. १९७५ च्या ‘शोले’त तो हरून आलेल्या तिघांसाठी सहा घरांच्या रिव्हॉल्वरमध्ये तीनच गोळ्या ठेवतो आणि चक्र फिरवतो. तिघंही वाचतात, सगळे हसतात, आणि मग तो तिघांना उडवतो. नशिबाने सोडलं तरी हा सोडत नाही. याला सहाचा फासा पुरतो की!

दुसऱ्या रात्री मी खाडीच्या नाक्यावर जकात घेणारी एक काकी बसवली. अबोलीचा वळेसर, तोंडात पान. होडीवाल्याला ती फासा टाकायला लावते. एक ते तीन पडलं तर होडी जाळते. चार ते सहा पडलं तर हसून जाऊ देते, आणि पलीकडच्या धक्क्यावर तिची माणसं होडीला काडी लावतात. गब्बर कुणालाच दिसला नाही. पडवीत फक्त पावसाचा आवाज.

पहिल्याच सेशनला मेला?

सिनेमातल्या व्हिलनला पटकथा जपते, तुमच्या व्हिलनला कोण जपणार? ड्रॅक्युलाच्या वळणाचा स्ट्राड १९८३ च्या ‘रेव्हनलॉफ्ट’ या डी अँड डीच्या तयार कथेत टिकतो, कारण किल्ला त्याचा असतो, तो येतो, डिवचतो, निघून जातो. शिवाय त्याचा हेतू काय आणि कामाच्या वस्तू कुठे, हे पत्ते काढून ठरतं, त्यामुळे ती कथा आधी खेळलेलाही चाचपडतो. एवढं करूनही तुमचा व्हिलन लवकर मेला तर मरू द्या. ‘तो वाचलाच होता’ म्हणून उठवू नका, प्लेयरचा विश्वास उडतो. गादीवर त्याची बहीण बसवा.

मर्मच नाही

आमच्याकडे तात्या विंचू आहे, तरी लोक अजिंक्य राक्षस बनवतात! १९९३ च्या ‘झपाटलेला’तल्या या बाहुल्याला लक्ष्याचंच शरीर हवं, म्हणून लक्ष्याला सरळ मारून चालत नाही. आणि बाहुला मरतो भुवयांच्या मधोमध गोळी बसली तरच. हाव आणि मर्म, दोन्ही स्पष्ट. मर्माचा सुगावा तीन ठिकाणी पेरा. दोन तर प्लेयर हमखास चुकवतात.

भाषण

ही माझी जुनी खोड. दशावतारात संवाद लिहून दिलेले नसतात. राक्षस समोरच्या राजाचं वाक्य ऐकतो आणि त्यातूनच आपलं उचलतो. मी मात्र काकीसाठी दीड पान लिहून नेलेलं. दोन ओळी होतायत तोवर धाकट्याने फासा माझ्यासमोर सरकवला. "काकी, आज तू टाक."

कागद खिशात गेला. काकीने पान थुंकलं आणि फासा टाकला. दोन.