डाहलॉनेगाचे हाफ ईगल घेताना

एकोणिसाव्या शतकातील दुर्मीळ अमेरिकी सुवर्णनाणी जमवायची असतील, तर दिसेल ते घेत सुटण्यापेक्षा एक टांकसाळ आणि एकच मूल्य निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मला त्यासाठी जॉर्जियातील डाहलॉनेगाची पाच डॉलरची नाणी, म्हणजेच हाफ ईगल, सर्वांत योग्य वाटतात. १८३८ ते १८६१ या काळात चाललेल्या या टांकसाळीत केवळ सोन्याचीच नाणी पाडली गेली.

आधी टांकसाळीचे चिन्ह पाहावे. १८३८ आणि १८३९ च्या हाफ ईगलवर ‘डी’ हे अक्षर दर्शनी बाजूस सालाच्या वर असते, तर १८४० पासून ते मागच्या बाजूस गरुडाखाली येते. १९०६ पासून डेन्व्हरच्या टांकसाळीनेही हेच अक्षर वापरले, म्हणून अक्षराबरोबर साल जुळवून पाहणे आवश्यक आहे. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीच्या त्या काळच्या नाण्यांवर चिन्ह नसे. अशा स्वस्त नाण्यावर ‘डी’ डकवण्याची लबाडी होते. दहापट भिंगाखाली नाणे तिरपे धरावे आणि अक्षराच्या बुडाशी सांधा किंवा वेगळा रंग दिसल्यास व्यवहार तिथेच थांबवावा. वजन ८.३६ ग्रॅमच्या आसपास भरायला हवे, मात्र अस्सल सोन्यात केलेली बनावट नाणीही असल्याने एवढ्यावर विसंबू नये.

खरा कस लागतो तो झीज ओळखताना. डाहलॉनेगाचा ठसा अनेकदा मुळातच कच्चा उमटलेला असतो, त्यामुळे दर्शनी बाजूवरील लिबर्टीचे (स्वातंत्र्याचे प्रतीक असलेल्या स्त्रीमुखाचे) केस किंवा गरुडाची पिसे सपाट दिसली म्हणून नाणे झिजलेले ठरत नाही. दिव्याखाली ते सावकाश फिरवावे: सपाट भागावरूनही मूळ झळाळी अखंड सरकत असेल, तर दोष ठशाचा, उंचवट्यावर ती तुटून रंग मंद होत असेल, तर ती वापराची झीज. सगळीकडे एकसारखी चकाकी आणि समांतर बारीक ओरखडे दिसले, तर नाणे घासून साफ केलेले आहे, आणि ते कितीही देखणे वाटले तरी मी ते घेऊ नका असेच सांगेन.

सुरुवात १८५३ किंवा १८५४ च्या, तुलनेने सहज मिळणाऱ्या नाण्याने करावी आणि ते पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या कंपन्यांपैकी एकीने प्रमाणित केलेलेच घ्यावे. १८६१ चे नाणे फार महाग असते. ते नजर तयार झाल्यावरच शोधावे.