हुशार मुलांना शिकवायला येताय? आधी प्रश्न जमवा

एमएस्सी संपवलेली, बीएड करणारी, क्वचित आयटीला कंटाळलेली मंडळीही विचारतात, "तुमच्या शनिवार-रविवारच्या वर्गात शिकवायला यायचंय, तयारी काय करू?" ठाण्याच्या नौपाड्यात आणि खाडीच्या कडेने ऐरोली-वाशीत पाचवी ते आठवीच्या हुशार मुलांचे असे वर्ग मी बरीच वर्षं घेतोय. तेव्हा एकदा लिहूनच टाकतो.

पुढच्या इयत्तेचा पोर्शन आधीच उरकण्याचा मोह टाळा. सहावीतल्या मुलीला आठवीचं बीजगणित आलं की पालक खूश होतात, आणि आठवीत गेल्यावर तीच मुलगी वर्गात जांभया देते. तिला पुढचं नको असतं, खोल हवं असतं. म्हणून तुमची खरी पुंजी म्हणजे टिकणारे प्रश्न. मला सगळ्यात जास्त साथ दिलेला प्रश्न सांगतो: कोणत्या संख्या लागोपाठच्या नैसर्गिक संख्यांची बेरीज म्हणून लिहिता येतात? ९ म्हणजे ४+५, शिवाय २+३+४. १५ तर तीन प्रकारे जमतो. ८ मात्र काही केल्या जमत नाही.

पाटीवर एवढंच लिहा आणि गप्प बसा. पाचवीतलं पोरगंसुद्धा लगेच कामाला लागतं. थोड्या वेळाने कुणीतरी ओरडतं, "२, ४, ८, १६ येतच नाहीत!" इथे नवखा शिक्षक "शाब्बास" म्हणून पुढे सरकतो. तुम्ही विचारा, "३२ पण नाही येणार? कशावरून?" आता खरा तास सुरू झाला. बेरजेत तीन, पाच अशा विषम गणतीच्या संख्या असतील तर उत्तर म्हणजे मधली संख्या गुणिले किती संख्या ते. गणती सम असेल तर पहिली आणि शेवटची मिळून विषम येते आणि तशाच जोड्या पडतात. दोन्हीकडे एकापेक्षा मोठा विषम अवयव हटकून येतो, जो २ च्या घातांमध्ये नसतोच. हे मुलांनी आपल्या तोंडाने सांगायला दोन-तीन शनिवार लागले तरी लागू द्या. आणि जो सगळ्यांच्या आधी संपवून चुळबुळ करतोय, त्याला विचारा: एखादी संख्या किती प्रकारे लिहिता येईल? (एक सोडून तिचे जेवढे विषम अवयव, तेवढे प्रकार. पण हे तुम्ही सांगायचं नाही.)

असे पाचपंचवीस प्रश्न जमवा, स्वतः सोडवा, मुलं कुठे अडतात ते वहीत टिपा. ती वही पदवीपेक्षा कामाची.

वर्गासाठी मुलं निवडताना निव्वळ गुणांवर जाऊ नका. जोसेफ रेंझुली या अमेरिकी अभ्यासकाने १९७८ साली मांडलं की सरासरीहून वरची क्षमता, सर्जनशीलता आणि कामाला चिकटून राहण्याची वृत्ती ही तीन वर्तुळं जिथे एकमेकांवर येतात तिथे प्रतिभा दिसते. तिसरं वर्तुळ लेखी चाचणीत सापडत नाही. ते अर्धवट सुटलेलं गणित घरी नेणाऱ्या मुलात दिसतं. आपल्याकडे पुण्यात ज्ञान प्रबोधिनी १९६२ पासून या कामात आहे. त्यांचं काम पाहून या.

पालक पहिल्याच भेटीत होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेचं विचारणार. ती सहावी आणि नववीसाठी असते, मुंबई विज्ञान अध्यापक मंडळ घेतं. लेखीनंतर प्रात्यक्षिक, कृतिसंशोधन प्रकल्प आणि मुलाखत. प्रकल्पाचा भाग मला मनापासून आवडतो, फक्त तो पालकांनी करायचा नसतो! पदकाचं आश्वासन कुणालाही देऊ नका. गणित ऑलिंपियाडची पहिली पायरी, आयओक्यूएम, तीन तासांची आणि ३० प्रश्नांची. आठवीतल्या तयारीच्या मुलाला ती दाखवायला हरकत नाही.

ऑलिंपियाडची सूत्रं जिथून हलतात ते होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आपल्या शेजारीच, मानखुर्दला आहे. वाशीहून लोकलने खाडी ओलांडली की पुढचंच स्टेशन. त्यांच्या 'विज्ञान प्रतिभा' उपक्रमाचं आठवी ते दहावीसाठीचं साहित्य नेटवर फुकट मिळतं. पहिल्या महिन्यात तेच वापरा. आणि वर्ग चार भिंतींत कोंडू नका. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) मिळाला; ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात हिवाळ्यात मुलांना नेलं की रोहित पक्षी मोजायचे कसे, थवा हलत असताना अंदाज कसा बांधायचा, यावर दुपार निघते.

पैशांचं स्पष्ट सांगतो: निव्वळ यावर ठाण्यात घर चालणं अवघड. माझे बहुतेक सहकारी शाळेत, कॉलेजात किंवा क्लासमध्ये नोकरी करून हे करतात. शाळेत कायम व्हायचं असेल तर बीएड, आणि आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागते, तेव्हा ते लांबवू नका.

आणखी एक. आठवी संपत आली की निम्मी मुलं जेईई फाउंडेशनच्या (आयआयटी प्रवेशाच्या तयारीच्या) क्लासकडे वळतात. समजावत बसू नका, पालकांचं गणित वेगळं असतं. लांबलचक प्रकल्प सातवीतच सुरू करा, म्हणजे तो पुरा होतो.