'डाऊट' वापरताना या चुका टाळा

ऑफिसच्या मेलमधलं हे वाक्य बघा : 'आय डाऊट द सर्व्हर इज डाउन.' लिहिणाऱ्याला म्हणायचंय की सर्व्हर बंद पडलेला दिसतोय, जरा बघून घ्या. लंडनमध्ये किंवा शिकागोत बसलेला माणूस मात्र त्याचा अर्थ लावतो, की सर्व्हर बंद असेल असं काही याला वाटत नाही. म्हणजे नेमकं उलटं. मग तो आपल्या दुसऱ्या कामाला लागतो आणि इकडे आपण उत्तराची वाट बघत बसतो.

इतका साधा, रोजच्या तोंडातला शब्द, आणि व्याकरणही बिनचूक. त्यामुळे ही चूक कुणी दाखवूनही देत नाही.

तिचं मूळ आपल्या 'संशय'मध्ये आहे. कुठल्याही मराठी पेपरात आधी बातमी येते, 'चोरीप्रकरणी संशयिताला अटक'. काही वर्षांनी त्याच खटल्याची बातमी येते, 'संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता'. माणूस तोच, संशय मात्र दोन वेगळे. पहिल्यात 'यानेच केलं असावं' असं पोलिसांना वाटतंय. दुसऱ्यात 'यानेच केलं कशावरून?' असा प्रश्न न्यायाधीशांना पडलाय. आपल्याकडे दोन्हींना संशयच म्हणतात. इंग्रजीत पहिला 'सस्पिशन' आणि दुसरा 'डाऊट'.

तेव्हा पाठवण्याआधी एक करून बघा. 'आय डाऊट' काढून तिथे मनातल्या मनात 'मला नाही वाटत' घाला. 'मला नाही वाटत सर्व्हर बंद आहे' हेच म्हणायचं असेल तर 'डाऊट' बरोबर. 'मला वाटतंय बंद आहे' असं म्हणायचं असेल तर 'आय सस्पेक्ट' किंवा सरळ 'आय थिंक'. 'आय थिंक'मध्ये काही कमीपणा नाही, उगाच जड शब्द शोधू नका.

माणसाबद्दल बोलताना तर हे जास्तच सांभाळायला हवं. सोसायटीत चोरी झाली आणि एखाद्यावर तुमचा संशय असेल तर 'आय हॅव डाऊट ऑन हिम' हे मराठी वाक्याला घातलेलं इंग्रजी कापड झालं. तिथे 'आय सस्पेक्ट हिम'. 'आय डाऊट हिम' म्हटलंत तर अर्थ होतो, त्याच्या बोलण्यावर किंवा भरवशावर माझा विश्वास नाही. यात चोरीचा आरोप नसतो. 'संशयकल्लोळ'मधला फाल्गुनराव बायकोच्या बाबतीत जे करतो ते सगळं 'सस्पेक्ट'च्या खात्यात जातं. गीतेतला 'संशयात्मा विनश्यति' मात्र 'डाऊट'च्या.

आता गंमत अशी, की ज्याला आपण चूक म्हणतोय ते एकेकाळी शुद्ध इंग्रजी होतं. बापाचं भूत दिसल्याचं कळल्यावर हॅम्लेट म्हणतो, 'आय डाऊट सम फाउल प्ले'. म्हणजे काहीतरी काळंबेरं असावं असा मला संशय आहे. अगदी आपल्या मेलमधल्यासारखा वापर! जुन्या इंग्रजीत या शब्दाला धास्तीचाही अर्थ होता, आणि जबरदस्त प्रतिस्पर्ध्याला 'रिडाउटेबल' म्हणतात त्यात तो अजून शिल्लक आहे. स्कॉटलंडमध्ये आजही कुणी 'आय डाऊट इट विल रेन' म्हणालं तर छत्री घेऊन निघावं, कारण पाऊस येईल असंच त्याला म्हणायचं असतं. पण ऑफिसच्या मेलवर शेक्सपिअरचा दाखला देऊन चालत नाही.

दुसरी गोष्ट वर्गातली. 'सर, आय हॅव अ डाऊट.' हे आपल्या 'सर, एक शंका आहे'मधून आलंय आणि महाराष्ट्रापुरतंच नाही, देशभर चालतं. क्लासवाले 'डाऊट सेशन' ठेवतात, मुलं 'डाऊट क्लिअर' करून घेतात. याला चूक म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. भारतातल्या इंग्रजीत हा अर्थ पक्का बसलाय. अडचण परदेशी प्राध्यापकासमोर होते. त्याने तासभर काही समजावलं आणि आपला विद्यार्थी हात वर करून 'आय हॅव अ डाऊट' म्हणाला, तर त्याला ऐकू येतं, 'तुम्ही सांगताय ते मला पटत नाही.' विद्यार्थ्याला बिचाऱ्याला फक्त तिसरी पायरी पुन्हा हवी असते. तिथे 'क्वेश्चन' म्हणा. 'आस्क अ डाऊट' तर तिकडच्या कानाला फारच विचित्र वाटतं. प्रश्न विचारतात, डाऊट विचारत नाहीत.

स्पेलिंगमधला, उच्चारात न येणारा 'ब' हा निव्वळ विद्वानांचा उपद्व्याप आहे. शब्द इंग्रजीत आला तो फ्रेंचमधून, तिथे 'ब' नव्हता, आणि मध्ययुगातले इंग्रज तो लिहीतही नव्हते. पुढे लॅटिनचं वेड वाढलं, 'दुबितारे' या मूळ धातूत 'ब' आहे हे पंडितांना आठवलं आणि त्यांनी तो स्पेलिंगमध्ये कोंबला. 'डेट', म्हणजे कर्ज, या शब्दाचंही तेच झालं. शेक्सपिअरच्या 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट'मध्ये, जे 1598 मध्ये छापून आलं, होलोफर्नीस नावाचा एक मास्तर आहे. लोक या दोन्ही शब्दांतला 'ब' उच्चारत नाहीत म्हणून तो चडफडतो. नाटककार अर्थातच त्याची टिंगल करतोय. आपण देवनागरीत 'डाऊट' लिहितो तेव्हा त्या मास्तराला हरवतो, आणि 'डेब्ट फंड' लिहितो तेव्हा तोच जिंकतो. ('डेट फंड' लिहिलं तर वाचणाऱ्याला तारखेचा फंड वाटेल, हे कबूल.)

त्या लॅटिन धातूचं नातं 'ड्युओ', म्हणजे दोन, या शब्दाशी आहे. आपल्या 'द्विधा'तला 'द्वि' त्याच घराण्यातला, आणि संशयाला जर्मनमध्ये जो 'त्स्वायफेल' शब्द आहे त्यातही दोन दडलेत.

'नो डाऊट'बद्दल थोडंसं. आपण तो 'शंभर टक्के' म्हणून वापरतो. इंग्रजीत 'नो डाऊट ही विल कॉल' म्हणजे बहुतेक करेल फोन. खात्रीच द्यायची असेल तर 'विदाउट अ डाऊट' किंवा 'देअर इज नो डाऊट'. ग्राहकाला 'नो डाऊट यू विल गेट इट बाय मंडे' असं लिहिलंत तर तुम्ही शब्द दिलेला नाही, अंदाज दिलाय.

राहता राहिलं व्याकरण. 'आय अ‍ॅम डाउटिंग' शक्यतो नकोच, 'आय डाऊट' पुरे. पुढे 'इफ' किंवा 'वेदर' आलं तर होईल की नाही याची खात्री नाही, 'दॅट' आलं तर होणार नाही याकडे कल जास्त. आणि 'आय डोन्ट डाऊट'नंतर 'दॅट'च घ्यायचं, तिथे 'वेदर' बसत नाही.