ससाणा काय खातो हे ठरवताना या चुका टाळा

कड्याखाली पारव्याची पिसं सापडली की वहीत ‘खाद्य : पारवे’ असं लिहून आपण मोकळे होतो. नोंद खोटी नसते, पण अपुरी असते. पारव्याची पिसं मोठी, फिकट, कपारीत अडकून राहणारी. लहान पक्ष्यांचा मागमूस वाऱ्याबरोबर उडून जातो, शिवाय बहिरी ससाणा शिकार बऱ्याचदा दुसऱ्याच जागी सोलून आणतो. ब्रिटनमधल्या शहरांत अभ्यासकांनी बहिरीच्या बसण्याच्या जागांखालचे अवशेष नीट वेचले, तेव्हा त्यांत टिबुकल्या आणि पाणकोंबडीच्या कुळातले पक्षी निघाले. हे पक्षी दिवसा पाणवनस्पतींत दडून राहतात आणि स्थलांतर रात्री करतात. म्हणजे शहराच्या उजेडात बहिरी रात्रीही शिकार करत होता. वरवर पाहून ‘पारवे’ लिहिलं असतं, तर हे हाती लागलंच नसतं.

पेलेटबद्दलही असाच गोंधळ होतो. पेलेट म्हणजे न पचलेली पिसं, केस आणि किड्यांची कवचं यांची ओकून टाकलेली गोळी. घुबडाच्या पेलेटमध्ये उंदराच्या कवट्या अख्ख्या मिळतात, म्हणून लोक ससाण्याच्या पेलेटमध्येही त्या शोधतात आणि नाही मिळाल्या की ‘उंदीर खाल्ला नाही’ असं ठरवतात. घुबड भक्ष्य बहुधा अख्खं गिळतं, ससाणा तोडून खातो आणि त्याच्या पोटात हाडं बरीच विरघळतात. तेव्हा हाडांऐवजी केस बघा. उलट, टोळाची आणि भुंग्याची कवचं टिकतात, त्यामुळे किडे आहेत त्याहून जास्त वाटतात.

सगळ्यात मोठी चूक मात्र ‘ससाणा म्हणजे हवेत पक्षी मारणारा’ हे गृहीत धरण्याची. बहिरीचा ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जाणारा सूर इतका गाजला की बाकीचे ससाणे त्याच्या सावलीत गेले. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नागालँडमधून जाणारा आमूर ससाणा उडत्या वाळवीवर ताव मारतो आणि मग अरबी समुद्र ओलांडून आफ्रिका गाठतो. अमेरिकेतल्या स्नेक नदीच्या खोऱ्यात प्रेअरी ससाणा पिलांना वाढवतो तो जमिनीत बिळं करणाऱ्या खारींवर. ऐन उन्हाळ्यात खारी बिळात दडी मारतात तेव्हा तो खोरं सोडतो, आणि हिवाळ्यात चंडोल पकडताना दिसतो. उत्तर ध्रुवाकडचा जिरफाल्कन बहुतेक ठिकाणी टार्मिगन या हिमप्रदेशातल्या पक्ष्यावर अवलंबून असतो, किनाऱ्यालगत मात्र समुद्रपक्षी धरतो. खुद्द बहिरीसुद्धा कॅनडाच्या टुंड्रात लेमिंग हे उंदरासारखे प्राणी खातो!

एकच जात, एकच पक्षी, तरी महिना बदलला की जेवण बदलतं. भूमध्य समुद्रातल्या बेटांवरचा एलिओनोरा ससाणा वर्षातला बराच काळ किड्यांवर काढतो. अंडी मात्र तो उशिरा, जुलै-ऑगस्टमध्ये घालतो, म्हणजे पिलांची भूक वाढते तेव्हा युरोपातून आफ्रिकेकडे निघालेले लहान पक्षी समुद्रावरून जात असतात. या ससाण्याला मे महिन्यात पाहिलं तर तो कीटकभक्षी, सप्टेंबरमध्ये पाहिलं तर पक्षीभक्षी. तारीख नसलेली नोंद मला तरी कशाच्याच कामाची वाटत नाही.

खरुची हा लहान ससाणा. ती उंदरांच्या मुताचे माग अतिनील प्रकाशात बघते, ही गोष्ट अजून सगळीकडे छातीठोकपणे सांगितली जाते. १९९५च्या एका प्रयोगातून ती पसरली. २०१३मध्ये शिकारी पक्ष्यांच्या डोळ्यांची तपासणी झाली, त्यात असे माग त्यांना दिसणं अवघड आहे असं आढळलं. हवेत एका जागी पंख फडफडवत थांबणारी खरुची हालचाल टिपते, एवढं लिहिलं तरी पुरे. आणि ती उंदरांवरच जगते असंही नाही, सरडे आणि टोळ भरपूर खाते.

मुळात शिकार ससाण्याचीच आहे का, हेही तपासा. पिसांचे दांडे चावून तुटलेले असतील तर ते काम मांजर-कोल्ह्यासारख्या प्राण्याचं. दांडे अख्खे उपटलेले असतील तर शिकारी पक्ष्याचं. तरी शिक्रा की ससाणा हा प्रश्न उरतोच. बहिरीने खाल्लेल्या पक्ष्याचे दोन्ही पंख खांद्याच्या हाडांना जोडलेले राहतात, आणि छातीच्या हाडाच्या कडेला चोचीने पाडलेल्या खाचा दिसतात.

मोजतानाही जपा. दहा टोळ आणि एक टार्मिगन मिळाला तर ‘नव्वद टक्के कीटक’ हा हिशेब आकड्यात बरोबर, पोटात चूक. वजनाचा अंदाजही शेजारी लिहा. घरट्यावर कॅमेरा लावलात तरी त्यात पिलांचं ताट दिसतं. बारीकसारीक किडे पिलांचे आई-बाप पकडल्या जागीच खाऊन टाकतात, ते कॅमेऱ्यासमोर येतच नाहीत.